श्रीलंकेचं गृहयुद्ध: एलटीटीई नेमकी कधी हरली?

पायवाट (धागाकर्ता):

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. श्रीलंकेचं युद्ध म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला झालेली राजीव गांधींची हत्या आणि मे 2009 मध्ये टीव्हीवर दाखवलेला प्रभाकरनचा, म्हणजे वेगळ्या तामिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईच्या (तामिळ वाघांच्या) प्रमुखाचा मृतदेह. मधल्या 18 वर्षांत काय झालं विचारलं की गाडी अडते. माझंही तसंच होतं. मग मिळेल ते वाचत गेलो आणि एक मत पक्कं झालं, ते मांडतोय, चुकत असेन तर हक्काने सांगा.

माझं म्हणणं असं की एलटीटीईचा पराभव मार्च 2004 ते नोव्हेंबर 2005 या पावणेदोन वर्षांत ठरला. पुढची साडेतीन वर्षं तो प्रत्यक्षात उतरायला लागली आणि त्याची किंमत वन्नीतल्या (उत्तरेतला जाफनाच्या खालचा जंगली भाग) साध्या माणसांनी भरली.

आधी 2002 ला परिस्थिती काय होती ते बघा. एप्रिल 2000 मध्ये एलिफंट पास पडला होता. जाफना द्वीपकल्प मुख्य भूभागाला जोडणारी ती चिंचोळी पट्टी, तिथला लष्करी तळ अभेद्य समजला जायचा, एलटीटीईने त्याचं पिण्याचं पाणी तोडलं आणि रणरणत्या उन्हात हजारो सैनिकांना तो सोडावा लागला. जुलै 2001 ला कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला झाला, हवाई दलाची आणि श्रीलंकन एअरलाइन्सची विमानं उभ्या जागी जळाली, त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था वाढायच्या ऐवजी आकसली. सरकार पार टेकीला आलं होतं. म्हणून 22 फेब्रुवारी 2002 चा सिझफायर झाला, नॉर्वे मध्यस्थ, एका बाजूला पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि दुसऱ्या बाजूला प्रभाकरन. वन्नीतल्या किलिनोच्चीत, म्हणजे त्यांच्या राजधानीतच म्हणा, एलटीटीईची स्वतःची कोर्टं, पोलिस, बँक, टॅक्स वसुली, सगळं होतं. इतक्या मजबूत जागेवरून बोलणी करायची संधी त्यांना आधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही.

आणि मग 2004 मध्ये करुणा फुटला. हा पूर्वेचा, बट्टिकलोआ भागाचा कमांडर, त्याच्या हाताखाली हजारो लढवय्ये. त्याची तक्रार साधी होती, मरायला आमची पूर्वेची पोरं आणि निर्णय घ्यायला सगळे उत्तरेचे. प्रभाकरनने बोलून मिटवायच्या ऐवजी गुड फ्रायडेच्या दिवशी वेरुगल नदी ओलांडून आपली माणसं त्याच्यावर घातली, म्हणजे काल एका ताटात जेवणारी पोरं आज एकमेकांवर गोळ्या झाडत होती. करुणाने बहुतेक पोरांना घरी पाठवून दिलं आणि स्वतः सरकारच्या बाजूला गेला, पुढे तर मंत्रीही झाला. पूर्वेतली प्रत्येक पायवाट, प्रत्येक लपवलेला साठा माहीत असलेला माणूस समोरच्याला मिळाला. जुलै 2007 मध्ये थोप्पिगला हा पूर्वेतला त्यांचा शेवटचा अड्डा पडून अख्खी पूर्व सरकारच्या ताब्यात गेली त्याची सुरुवात इथे आहे.

दुसरी चूक याहून मोठी. 17 नोव्हेंबर 2005 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, महिंदा राजपक्षे विरुद्ध रनिल. एलटीटीईने आपल्या भागात तामिळ लोकांना मतदानच करू दिलं नाही. जाफना जिल्ह्यात सव्वा टक्क्याच्या आसपास मतदान झालं, शंभरातला एक माणूस! राजपक्षे निवडून आले 50.29 टक्क्यांनी, फरक जेमतेम 1 लाख 80 हजार मतांचा. उत्तरेतले लोक नेहमीसारखे मतदानाला गेले असते तर रनिल बहुधा आरामात आले असते. ज्या माणसाने पुढे त्यांना संपवलं त्याला त्यांनी स्वतः खुर्चीवर बसवलं. का केलं असेल यावर वेगवेगळी मतं आहेत, मला वाटतं त्यांना सिझफायर गळ्यातला फास वाटायला लागला होता, शांतता लांबली की लोकांना घर, शाळा, नोकरी यांची सवय लागते आणि मग बंदुकीसाठी पोरं मिळत नाहीत.

जुलै 2006 मध्ये माविल अरूच्या पाटाचे दरवाजे त्यांनी बंद केले, खालच्या सुमारे 15 हजार कुटुंबांच्या शेतीचं पाणी तुटलं, सरकारला निमित्त मिळालं आणि युद्ध परत पेटलं. पुढचं लिहितोच, पण आधी तुमची मतं येऊ द्या.

खलाशी:

पायवाट, धागा मस्त आणि मुद्दाही पटण्यासारखा, पण तुम्ही सगळं श्रेय राजकारणाला देताय ते नाही पटलं. राजकीय चुका एलटीटीईने आधीही ढीगभर केल्या होत्या, तरी ती 20 वर्षं टिकली ना? 2006 नंतर वेगळं काय झालं तर श्रीलंकेच्या सैन्याने लढायची पद्धत बदलली, आणि त्यात नेव्हीचा वाटा सगळ्यात मोठा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही.

एलटीटीईचा सगळा दारूगोळा समुद्रातून यायचा. मोठी जहाजं खोल समुद्रात उभी असायची, तरंगती गोदामंच ती, आणि त्यातून थोडा थोडा माल ट्रॉलरमध्ये भरून मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर उतरवायचा. श्रीलंकेच्या नेव्हीकडे लांबच्या पल्ल्याची युद्धनौका म्हणावी अशी जवळपास नव्हतीच, भारताने दिलेली सयुरा आणि अमेरिकन कोस्ट गार्डची जुनी समुदुरा, त्याही खरं तर गस्ती नौका. त्यांनी टँकर आणि मालवाहू जहाजं सोबत घेतली आणि सप्टेंबर-ऑक्टोबर 2007 मध्ये हजाराहून जास्त मैल दूर जाऊन ती गोदामं बुडवली. माझी अर्धी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली म्हणून सांगतो, त्या बाजूच्या समुद्रात एवढ्याशा बोटीने जाऊन लढाई करून परत येणं हे ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही, इंधनाचं गणित जरा चुकलं तरी परतीचा रस्ता बंद.

त्यानंतर एलटीटीईच्या तोफांना गोळे कमी पडायला लागले. जमिनीवर सैन्याने आठ-आठ जणांच्या छोट्या टोळ्या केल्या, त्या जंगलात आठवडाभर राहून मागून वार करायच्या, म्हणजे वाघांचीच पद्धत वाघांवर. 1997-98 मध्ये सैन्याचं जयसिकुरुई ऑपरेशन होतं, एकाच हायवेने सरळ पुढे जायचं, दीड-दोन वर्षं रक्त सांडून मिळवलेला भाग एलटीटीईने काही दिवसांत परत घेतला होता. ते शहाणपण तिथून आलं.

निशिगंध:

वाचतेय सगळं. एक विचारू का, कदाचित फार प्राथमिक असेल, पण मुळात भांडण कशावरून? आमच्या पुस्तकात "वांशिक संघर्ष" एवढाच शब्द होता आणि पुढे काहीच नाही.

पायवाट:

निशिगंधताई, प्राथमिक बिलकुल नाही, खरं तर मीच तिथून सुरुवात करायला हवी होती. थोडक्यात सांगायचं तर भाषेवरून. 1956 मध्ये बंडारनायके "फक्त सिंहली" या वचनावर निवडून आले आणि कायदा केला, सरकारी भाषा एकच. आता विचार करा, एखादा तामिळ कारकून 15 वर्षं इंग्रजीत काम करतोय आणि त्याला सांगितलं सिंहलीची परीक्षा दे नाहीतर बढती नाही. आपल्याकडे त्याच वर्षी भाषावार प्रांतरचना होत होती, आपण मुंबईसाठी रस्त्यावर होतो, म्हणून भाषेचं दुखणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. 1957 मध्ये तामिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार झाला तो बौद्ध भिक्खूंच्या दबावाखाली मोडला, 65 ला परत एक करार झाला तोही बारगळला. 70 च्या दशकात युनिव्हर्सिटी प्रवेशाचे नियम असे बदलले की तामिळ मुलांना जास्त मार्क लागायचे, आणि ही नाराज पोरंच पुढे बंदुकीकडे वळली. मग 1 जून 1981 च्या सुमारास जाफनाची लायब्ररी जाळली, 97 हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं. 23 जुलै 1983 ला एलटीटीईने जाफनाजवळ 13 सैनिक मारले आणि कोलंबोत तामिळांची कत्तल सुरू झाली, मतदारयाद्या हातात घेऊन घरं शोधली गेली. त्याला काळा जुलै म्हणतात. युद्धाची सुरुवात तिथून मोजतात.

खलाशी, नेव्हीचा मुद्दा मान्य, 100 टक्के मान्य. पण त्या जहाजांची माहिती कुठून आली? 2005 ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री कदिरगामर, जे स्वतः तामिळ होते, त्यांना एलटीटीईने मारलं. त्यानंतर 2006 मध्ये कॅनडाने आणि मग युरोपियन युनियनने बंदी घातली, परदेशातून येणारा पैसा आटला, अमेरिकेने माहिती पुरवली. म्हणजे पुन्हा राजकारणच.

सातारकर:

शांतिसेनेचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. माझे सख्खे काका सिग्नल्समध्ये होते, 87 च्या ऑगस्टपासून 89 पर्यंत जाफना आणि नंतर त्रिंकोमाली. ते गेले 3 वर्षांपूर्वी. घरात या विषयावर फार बोलायचे नाहीत, पण गणपतीत सगळे जमले की रात्री अंगणात कधीतरी सुरू व्हायचे.

29 जुलै 87 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली फौज शांतता राखायला गेली, एलटीटीईने थोडी शस्त्रं खाली ठेवली आणि ऑक्टोबरमध्ये सगळं फिसकटलं. काका सांगायचे, गेलो तेव्हा बायका हार घालत होत्या आणि दोन महिन्यांत त्याच गल्लीत प्रत्येक खिडकीकडे बघून चालावं लागत होतं. 11-12 ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले, खाली वाघ तयारच बसलेले, आपलं रेडिओवरचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं असं म्हणतात आणि काकांना ते आयुष्यभर लागून राहिलं. शीख लाइट इन्फंट्रीची जी तुकडी उतरली त्यातल्या 30 जणांपैकी 29 गेले, एकटा जिवंत पकडला गेला.

जाफनाच्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंना माडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, पलीकडचं काही दिसत नाही. डांबराखाली सुरुंग पुरलेले, त्यामुळे रस्त्यावरून चालायचं नाही, परसातून, विहिरींच्या कडेने जायचं. वायरलेस सेटवाल्याची अँटेना लांबून दिसते आणि स्नायपर पहिला त्यालाच टिपतो, म्हणून काका अँटेना वाकवून खांद्याच्या पट्ट्याखाली दाबून धरायचे, त्याने आवाज खरखरायचा पण जीव वाचायचा. घरी रेडिओ खरखरला तरी ते उठून बंद करायचे, आम्हाला लहानपणी कळायचं नाही का.

मेजर रामस्वामी परमेश्वरन, 8 महार, आपल्या मुंबईतच जन्मलेले आणि सायनला शिकलेले. 25 नोव्हेंबर 87 ला रात्री शोधमोहिमेवरून परत येताना घात लावून हल्ला झाला, ते वळसा घालून मागून चढले, समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागली तरी समोरच्या अतिरेक्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला मारलं. परमवीर चक्र, मरणोत्तर. सुमारे 1200 जवान तिथे मारले गेले. मार्च 1990 ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. काका 89 लाच परतले होते, पण हा प्रसंग पेपरात वाचून दोन दिवस जेवले नव्हते अशी काकू सांगते. कोलंबोजवळ श्रीलंकेने शांतिसेनेचं स्मारक बांधलं, आणि आपल्या राजधानीत या जवानांची नावं कोरलेली दिसायला 2019 चं राष्ट्रीय युद्ध स्मारक यावं लागलं.

आणि जयवर्धनेंनंतरचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांच्याबद्दलही लिहा कुणीतरी. भारतीय फौज हटवायला त्यांनी 89 मध्ये एलटीटीईलाच शस्त्रं दिली. आपण निघालो, आणि जून 90 मध्ये त्याच एलटीटीईने पूर्वेत शरण आलेल्या सहाशेच्या आसपास पोलिसांना मारलं. 1 मे 93 ला खुद्द प्रेमदासांनाही मारलं.

माम्बलमवासी:

सातारकर, तुमच्या काकांना नमस्कार. वाचून गलबलून आलं.

मी लग्नानंतर चेन्नईत आले, 24 वर्षं झाली, इथल्या लोकांच्या मनात हे युद्ध वेगळं आहे ते सांगावंसं वाटतं. राजीव गांधींच्या हत्येनंतर एलटीटीईबद्दलची सहानुभूती इथे खूप आटली, पण लोकांबद्दलची कधीच नाही. 2009 ला निवडणुकीचे दिवस होते, तामिळनाडूचं मतदान 13 मे ला. 27 एप्रिलला मुख्यमंत्री करुणानिधी मरीनावर अण्णा समाधीपाशी उपोषणाला बसले, दुपारपर्यंत बातमी आली की श्रीलंका आता जड शस्त्रं वापरणार नाही, आणि उपोषण सुटलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी लोकांनी सुस्कारा टाकला होता. तोफा थांबल्या नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावर एक पाटी (तामिळमध्ये आजी) होत्या, त्यांची बहीण आणि तिची दोन मुलं वन्नीत अडकलेली. पाटी रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन जिन्यात बसायच्या, कारण घरात रेंज यायची नाही. 16 मे ला निकाल लागले, रस्त्यावर फटाके, आणि त्या तिथेच जिन्यात. फोन जूनच्या शेवटी आला, मेनिक फार्मच्या विस्थापितांच्या छावणीतून, बहीण आणि एक मुलगा.

पायवाटदादा, तुम्ही वन्नीतल्या लोकांनी किंमत भरली एवढंच लिहून पुढे गेलात. त्यावर लिहा ना नीट.

पायवाट:

ताई, बरोबर बोललात. मी टाळत होतो कारण लिहिताना हात चालत नाही.

सप्टेंबर 2008 मध्ये सरकारने मदतसंस्थांना वन्नी सोडायला सांगितलं. किलिनोच्चीत संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसबाहेर लोक जमले आणि हात जोडून सांगत होते की जाऊ नका, कारण तुम्ही गेलात की बघायला कोणी उरणार नाही. ते गेले. 2 जानेवारी 2009 ला किलिनोच्ची पडलं, 25 जानेवारीला मुल्लैतिवू. एलटीटीई मागे सरकताना लोकांना सोबत ओढत नेत होती, आणि दुसरा रस्ताच नव्हता. सरकारने "नो फायर झोन" जाहीर केले, इथे या, सुरक्षित आहात म्हणून, आणि त्याच पट्ट्यात तोफगोळे पडले, पुदुकुडियिरुप्पूच्या हॉस्पिटलवर परत परत पडले. दुसऱ्या बाजूला एलटीटीई पळून जाऊ पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडत होती आणि 14-15 वर्षांच्या पोरांना आयांच्या हातातून खेचून खंदकात उभं करत होती. सरकार म्हणत होतं आत 70 हजारच लोक आहेत आणि अन्न-औषधं त्या हिशोबाने जात होती, शेवटी बाहेर आले ते पावणेतीन लाखांच्या वर.

शेवटची जागा मुल्लिवायक्काल, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदिकडल खाजण, मध्ये वाळूची पट्टी. वाळूत बंकर खणला तर बाजू ढासळतात म्हणून बायकांनी लग्नाच्या साड्या फाडून पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरून भिंती रचल्या. 18 मे ला संपलं.

खलाशी:

हे मान्य करूनही एक बोलतो, राग मानू नका. 40 हजार हा आकडा सगळे खात्रीने सांगतात, पण 2011 च्या संयुक्त राष्ट्रांच्या पॅनेलने "40 हजारांपर्यंत असू शकतील" असं म्हटलंय आणि श्रीलंका सरकारला तो मान्यच नाही. आणि एलटीटीई म्हणजे फक्त पीडितांची सेना नव्हती. ऑक्टोबर 1990 मध्ये त्यांनी उत्तरेतल्या 70 हजारांहून जास्त मुसलमानांना हाकललं, जाफनात तर दोन तासांची मुदत दिली. बोलायची भाषा तामिळच त्यांची. ते कुटुंबच्या कुटुंब पुट्टलमच्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिले. इतर तामिळ संघटनांचे नेते मारले, शिकलेले लोक मारले. ज्यांच्या नावाने लढत होते त्यांच्यातलाच वेगळं बोलणारा प्रत्येक माणूस संपवला.

माम्बलमवासी:

खलाशी, राग कशाला. हे सगळं खरं आहे आणि आमच्या पाटीही हेच म्हणायच्या. त्यांच्या भाच्याला एलटीटीईनेच नेलं होतं, फेब्रुवारीत, शाळेचा शर्ट अंगावर असताना. आणि दुसऱ्या बाजूने तोफा सरकारच्या होत्या. त्यांना दोघांपैकी एकाला माफ करायचा पर्याय कधी मिळालाच नाही. आकड्याचं म्हणाल तर मोजू द्यायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे आकडा लहान आहे असं तरी कशावरून म्हणायचं?

भटका:

मी 2017 ला कोलंबोहून यल देवी ट्रेनने जाफनाला गेलो होतो. 1990 पासून बंद पडलेली लाइन, आपल्या इरकॉनने परत बांधली, 2014 ला जाफनापर्यंत गाडी सुरू झाली. वावुनिया सोडलं की गर्दी उतरते आणि बाहेरचं बदलतं, शेंडा उडालेली ताडाची झाडं, नुसते खांब उभे. किलिनोच्चीत पाण्याची प्रचंड टाकी आडवी पडलेली होती, माघार घेताना एलटीटीईने पाडलेली, ती तशीच ठेवलीय आणि भोवती बाग केलीय. दक्षिणेतून बसने आलेली कुटुंबं तिथे फोटो काढत होती. माझा रिक्षावाला तामिळ होता, तो आत आला नाही, गेटबाहेर थांबला. जाफनाची लायब्ररी मात्र पांढरीशुभ्र परत उभी आहे, बूट काढून आत जायचं. आत शाळकरी पोरं अभ्यास करत होती.

सातारकर:

भटका, स्टेशनपासून शांतिसेनेच्या जागा काही दिसल्या का? काकूला सांगायचं होतं.

भटका:

सातारकर, पलालीला आपल्या जवानांचं स्मारक आहे एवढं कळलं होतं, पण तो भाग तेव्हा लष्कराच्या ताब्यात होता, मला जाता आलं नाही. काकूंना फोटो हवे असतील तर लायब्ररीचे आणि किल्ल्याचे पाठवतो, काकांनी किल्ला नक्की बघितला असेल.

पायवाट:

भटका, त्या रिक्षावाल्याचं लिहिलंत ते बरं केलंत.

माझा मूळ मुद्दा थोडा सुधारतो. खलाशींमुळे पटलं की पराभव राजकारणात ठरला तरी नेव्ही आणि त्या आठ-आठच्या टोळ्या नसत्या तर तो इतक्या लवकर आणि इतका पुरता झाला नसता. पण युद्ध जिंकल्यावर जे राजकारण करायला हवं होतं ते झालं नाही. 87 च्या करारातून आलेली 13 वी घटनादुरुस्ती, प्रांतांना अधिकार, जमीन आणि पोलिसांचे अधिकार अजूनही कागदावरच. उत्तर आणि पूर्व जोडलेले प्रांत 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने वेगळे झाले. जिंकणारा सेनापती सरथ फोन्सेका 2010 ला राजपक्षेंच्या विरोधात उभा राहिला आणि निवडणुकीनंतर तुरुंगात गेला. 2022 ला गोटाबाया राजपक्षे, युद्धाच्या वेळचे संरक्षण सचिव, देश सोडून पळाले, कारण लोकांकडे पेट्रोल आणि दूध पावडर नव्हती. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये जाफना जिल्ह्यात राष्ट्राध्यक्ष दिसानायकेंच्या आघाडीला सगळ्यात जास्त मतं पडली, 2005 ला ज्या जिल्ह्यात शंभरातला एक माणूस मतदानाला गेला होता त्याच जिल्ह्यात.

माम्बलमवासी ताई, पाटींच्या भाच्याचं वाचल्यापासून एक सांगायचं होतं. फेब्रुवारी 2017 पासून किलिनोच्चीत बेपत्ता लोकांच्या आया रस्त्याकडेला मांडव घालून बसल्या, पोरांचे फोटो पुढ्यात ठेवून. यातली बरीच पोरं 2009 मध्ये सैन्याच्या ताब्यात दिली गेली होती, आयांनी स्वतःच्या हाताने सोपवली होती. वर्षानुवर्षं त्या येऊन बसत राहिल्या. वाट बघता बघता त्यातल्या कितीतरी जणी वारल्या, मग त्यांचेही फोटो पोरांच्या फोटोंशेजारी लावले गेले.